जन्मतारीख एक जून

सेलूत स्टेशनकडं जाताना उजव्या हाताला
'गजमल झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्म'.
तिथं मी बसते.
मशीन तापलं की कागदाला भाजल्या कणसाचा वास येतो
आणि दिवसभर गावाची वयं
माझ्या हाताखालून जातात,
गरम गरम, दोन रुपयाला एक.

त्यातली निम्मी एक जूनची.
माझंही तेच.
पोरीचा जन्म कधीचा, गुरुजींनी विचारलं.
माय म्हणाली, पोळ्याच्या करीला,
बैलांच्या शिंगांचा रंग ओला होता अजून.
गुरुजींनी लिहिलं, एक जून.
पुढं पंधराव्या वर्षी
एका दाखल्यानं मला अठराची केली.
शिक्का गोल होता, जांभळा.
माझ्या तोंडाकडं कुणी बघितलं नाही.

आता फोन बघतो तोंडाकडं.

शिवकन्या कच्छवे, आठवी ब,
दप्तर पोटाशी धरून उभी.
'काकू, मायच्या आधारची झेरॉक्स द्या. दोन्ही बाजू.'
कशाला गं?
'गेमला लागतंय. आधी नुसतं विचारायचा,
अठरा पूर्ण आहेत का. हाव म्हणलं की झालं.
आता म्हणतो, चेहरा दाखवा.
डावीकडं बघा. उजवीकडं बघा. डोळे मिटा.'
मग?
'एकदा एकोणीस म्हणाला. एकदा अकरा.
म्हणून आता कार्ड मागायलाय.'

मशीनचा हिरवा उजेड
तिच्या मायच्या चेहऱ्याखालून सरकत गेला.

'खरं सांगितलं तं बाहेर काढतो,' ती म्हणाली,
'आणि खोटं सांगितलं तं
मोठी माणसं बोलायला येतात.
एकजण रोज विचारतो, शाळा कोणती.'
सांगितली?
'जिंतूरची सांगितली.'

शेजारी हरिभाऊंचा भज्यांचा गाडा.
माझी बिघडलेली पानं किलोनं त्यांच्याकडं जातात.
मागच्या बुधवारी भजी संपली
आणि कागदावर एक म्हातारा निघाला,
गालावर तेलाचा डाग,
खाली बारा आकडे, स्वच्छ.
मी मिरची खाल्ली. कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.
घरी जाऊन चुलीत घातला.
हा एक सापडला म्हणून.
बाकीचे?

मग या पोरीला मी काय सांगू,
की तुझ्या मायचा नंबर
तिकडं कुठल्या तरी शहरात, कुणाच्या तरी पेटीत
नीट राहील,
त्याच्यावर कुणी भजी ठेवणार नाही?

तरी त्या प्रश्नाला मी वाईट म्हणत नाही.
मांडवात मी बघत होते,
कुणीतरी दारात उभं राहील, म्हणेल,
थांबा, खरं वय किती हिचं?
बँडवाले आले, आचारी आला, तो प्रश्न आला नाही.
पण आला असता तर तो सुईणीसारखा यावा.
सुईणीला सगळं ठाऊक असतं,
घटका, पळ, अंगावरचा डाग,
आणि ती बाजारात बोलत नाही.

झेरॉक्स अर्धी बाहेर आली होती.
ओढून घेतली. फाडली आधी उभी,
मग आडवी,
मग नंबर होता तेवढा तुकडा
पाण्याच्या ग्लासात बुडवला, शाई उतरेपर्यंत.
'काकू, पैसे तं लागतीलच की,' म्हणत
तिनं दोन रुपये काउंटरवर ठेवले.
घेतले. धंदा आहे.

तो शाळा विचारणारा, म्हटलं, दाखव मला.
ती बघत राहिली.
'मायला सांगाल?'
आधी बघू दे, म्हटलं. मग दोघी मिळून ठरवू
काय सांगायचं ते.

शटर अर्धं खाली घेतलं.
बाहेर कुणीतरी ओरडलं, उत्पन्नाचा दाखला होता ओ!
उद्या या, म्हटलं.
शिवकन्यानं कपाळावरची टिकली काढली,
फोनच्या वरच्या बारीक डोळ्यावर चिकटवली,
आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये
उताणा ठेवला.
मी चष्मा पदरानं पुसला.
'अगदी वरपासून वाचा,' ती म्हणाली,
'पहिल्यांदा तो लई चांगला बोलायचा.'